एक पेटी रस्त्यात, एक दारात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीसच्या वेगमर्यादेची पाटी आहे. गोल, लाल काठाची, लांबून दिसणारी. हेलेबी गावात ही पाटी वाचता न येणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. तरीही हमरस्त्यावरचा चौक चुकवायला जी मंडळी सकाळी आमच्या गल्लीत घुसतात, ती मागे वाघ लागल्यासारखी पळतात. मी कुंपणाशी उभा राहून त्यांच्याकडे रागाने बघतो. रागाने बघणं हा आमच्याकडे निषेधाचा फार कडक प्रकार समजला जातो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे चिठ्ठी.

आता कुणी म्हणेल, पळेनात का गाड्या, तुझं काय जातं? माझं काय जातं! माझी नात जाते. तशी नव्हे हो, व्याह्यांकडे जाते.

त्याचं असं झालं की आमची तुवा सहा वर्षांची झाली आणि यंदाच्या उन्हाळ्यात तिने मागची छोटी चाकं काढून खरी सायकल शिकायची असं ठरलं. मी म्हटलं, आण इकडे, शिकवतो. तर आमची मालिन, पोटची पोरगी, फोनवर काय म्हणते, "बाबा, तुझ्या त्या रस्त्यावर मी तिला सायकल देणार नाही. मरायचंय का तिला? स्तेन-ओके आजोबांच्या बेटावर एकसुद्धा गाडी नाही. ती तिकडे शिकेल."

स्तेन-ओके म्हणजे माझे व्याही. या माणसाला सगळं येतं, हा त्याचा पहिला दोष, आणि तो ते कधी बोलून दाखवत नाही, हा दुसरा. बोटीचा धक्का त्याने स्वतः बांधला. राहायची-झोपायची सोय असलेली एक अवाढव्य मोटार त्याने आतून स्वतः सजवली. खिळा ठोकताना दोन घाव घालतो, तिसरा नाही. अशा माणसाच्या हाती माझी नात सायकल शिकणार आणि जन्मभर सांगणार की मला स्तेन-ओके आजोबांनी शिकवलं!

याच गल्लीत मी मालिनला सायकल शिकवली होती. सीटला धरून घामाघूम होईतो पळालो होतो. त्याचा असा मोबदला.

इथे माझ्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण गावात गैरसमज फार. आमच्या साप्ताहिकात 'घरच्या घरी' नावाचं सदर मी चालवतो. कुठल्या लाकडाला कुठला स्क्रू, गाडीच्या दाराचा गंज कसा घासावा, टायरची नक्षी झिजली कशी ओळखावी, मुलांच्या दप्तराला चमकपट्टी कुठे लावावी, सगळं मी लिहितो. लोकांना वाटतं, लिहिणारा स्वतः काही करत नाही. मी करतो. मी केलेलं टिकत नाही, हा भाग वेगळा. सायकल चालवणारी मालिन तेवढी टिकली.

तर मी पालिकेला फोन लावला. रस्त्यात फुलांच्या मोठ्या लाकडी पेट्या ठेवून गाड्या हळू करायची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. फोनवर सिग्ने नावाची मुलगी होती. माझ्या मुलीहून लहान असेल, पण अरे-तुरेच्या या देशात वयाला विचारतो कोण?

"हाय तोर्गनी! पालिकेच्या पेट्या यंदाच्या संपल्या. त्या हिवाळ्यातच मागायच्या असतात."

"उन्हाळ्यात लोक गाड्या कशा हाकणार ते मला हिवाळ्यात कसं कळणार?"

"गेल्या उन्हाळ्यावरून," ती गोड आवाजात म्हणाली. "पण तू स्वतः बनव ना! 'घरच्या घरी'वाला तूच ना? आई वाचते माझी."

आई वाचते! म्हणजे ही वाचत नाही. मी अपमान गिळून अटी ऐकल्या. पेट्या दोन हव्यात, समोरासमोर नकोत, तिरक्या हव्यात, म्हणजे गाडीला नागमोडी जावं लागेल. मधून अग्निशमनाचा बंब निघायला हवा. चमकपट्ट्या हव्यात. आणि गल्लीतल्या सगळ्यांची संमती हवी.

संमती म्हणजे सभा, सभा म्हणजे कॉफी आणि कॉफी म्हणजे वेलचीचे बन. शेजारी आमच्या अंगणात जमले. गाड्या फार पळतात यावर पहिल्या कपातच एकमत झालं. पेट्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न निघाल्यावर सगळे बनकडे बघायला लागले. आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं. नकार द्यायचा असेल तर 'तेही करता येईल' म्हणतात आणि आणखी एक बन उचलतात.

"माझ्या दारात? तेही करता येईल," वाल्फ्रिड म्हणाला. हा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माझा शेजारी. "फक्त मला गाडी वळवायला जागा लागते. बसची सवय, मोठं वळण घेतो मी."

"माझ्या मधमाश्यांना तर आनंदच होईल," पलीकडची इल्वा म्हणाली. तिच्या परसात मधाच्या पेट्या आहेत. "पण दारातच फुलं मिळाली तर माश्या आळशी होतात रे."

माश्या आळशी होतात! सात घरांची सात कारणं निघाली, बन संपले, आणि शेवटी दोन्ही पेट्या माझ्याच घरासमोर ठेवायच्या असं ठरलं. एक पलीकडच्या कडेला, एक अलीकडच्या. एकमताने ठरलं, आणि त्या एकमतात माझंही मत मला न विचारता धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी लाकूड आणलं. माझी बायको कायसा म्हणाली, "एखादा सुतार बघू या का?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घराशेजारून रस्त्याकडे उतरणाऱ्या आमच्या गाडीवाटेच्या तोंडाशी तेवढीच सपाट जागा आहे, मागे आमची जुनी व्होल्वो उभी. तिथे मी काम मांडलं. पहिला स्क्रू आत गेला आणि पलीकडून बाहेर आला, तोवर वाल्फ्रिड कुंपणावर कोपरं टेकून हजर.

"फळीच्या जाडीपेक्षा स्क्रू लांब नको, तोर्गनी. तूच लिहिलंयस."

"माहीत आहे!"

"नाही, मागच्याच महिन्यात लिहिलंयस, म्हणून म्हटलं. कात्रण आहे माझ्याकडे."

माणसाला दुसऱ्याचा शहाणपणा सहन होतो, पण स्वतःचाच शहाणपणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागला की तळपायाची आग मस्तकात जाते. मग काय, रीघच लागली. कुणी म्हणे, आधी मोज मग काप, तूच लिहिलंस. इल्वा मध खाल्लेल्या आवाजात म्हणाली, "तळाला भोकं पाडलीस ना? पाणी साचू देऊ नये, असं तूच…" मी भोकं पाडली नव्हती. पेटी उलटी करताना माझा अंगठा सापडला आणि मी जो शब्द उच्चारला तो सदरात छापता येणार नाही.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," कायसा स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. पुढचं तिने सांगितलं नाही, पण मला येतं.

एवढं सगळं होऊनही पेट्या झाल्या! लांब, रुंद, कमरेएवढ्या उंच. त्यांना लाल रंग दिला, कारण आमच्याकडे लाकूड दिसलं की लाल रंग द्यायचा. पहिली वाळल्यावर शेजाऱ्यांनी हातभार लावून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला नेऊन ठेवली. दुसरी उचलायला वाकलो तर वाल्फ्रिड मागे सरकला.

"रंग ओला आहे. दोन दिवस हात लावू नये. तूच लिहिलंयस."

पेटी राहिली तिथेच, गाडीवाटेच्या तोंडाशी, व्होल्वोच्या बुडाला बूड लावून.

आणि मातीचा ट्रक नेमका दुसऱ्याच दिवशी आला. मध्य-उन्हाळ्याच्या सणाचा आदला दिवस होता तो. या दिवशी आमच्याकडे दुपारी सगळा देश हातातलं काम टाकून पळतो, तो थेट ऑगस्टात उगवतो. ड्रायव्हरची ही शेवटची खेप होती. त्याच्या केबिनमध्ये मागच्या बाजूला मासेमारीचा गळ मला दिसला. त्याने क्रेनने एक अजस्र पोतं उचललं आणि रस्त्यातल्या पेटीत रिकामं केलं. दुसरं उचललं, फिरवलं, माझ्या डोक्यावरून नेलं आणि गाडीवाटेतल्या पेटीवर आणून लोंबकळत ठेवलं.

"इथेच ना?" तो ओरडला.

'थांब' एवढंच म्हणायचं होतं. पण माणूस कामात आहे, सुट्टीच्या घाईत आहे, पोतं हवेत आहे, त्याला आता कुठे त्रास द्यायचा? माझ्या तोंडून निघालं, "छान! अगदी छान!"

त्याने पोत्याची गाठ सोडली. ओली, काळी माती धबाधबा पेटीत पडली. तो हात हलवून निघून गेला.

कायसा दारात आली. "तू त्याला छान का म्हणालास?"

"मग काय म्हणणार?"

"नाही म्हणायचं."

"अगं, तो ओतत होता!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई वाद संपवते कशी, ते मला अजून उमगलेलं नाही.

"मी बघत होतो," वाल्फ्रिड कुंपणापलीकडून म्हणाला. "म्हटलं, तुझी काहीतरी योजना असेल. मध्ये कशाला बोला!"

माती उपसू म्हटलं. पाचव्या फावड्याला कमरेत अशी उसण भरली की मला खुर्चीसकट आत न्यावं लागलं. ट्रकवाल्याला फोन केला तर यंत्रातून आनंदी आवाज आला, सर्वांना उन्हाळ्याच्या शुभेच्छा, ऑगस्टमध्ये भेटू. मी आडवा होतो तेवढ्यात इल्वाने दोन्ही पेट्यांत झेंडू आणि लव्हेंडर लावून टाकलं. वर मलाच बजावलं, "आता हलवू नकोस हं. मुळं धरताना रोप हलवू नये, तूच लिहिलंयस."

अशी आमची व्होल्वो फुलांच्या मागे कैद झाली, आणि मी सामान आणायला कण्हत-कुंथत पायी जाऊ लागलो.

बरं, रस्त्यातल्या पेटीने तरी काही करावं? एकटीने ती काय करणार! गाड्या तिला बगल देऊन आणखी जोरात जायला लागल्या. तरुण पोरांना तर खेळच मिळाला, लांबून वेग घ्यायचा आणि पेटीजवळ सर्रकन वळायचं. माझ्या टपालपेटीत चिठ्ठी आली, 'प्रिय तोर्गनी! सुंदर फुलं! पण एकच पेटी का?' खाली हसरा चेहरा काढलेला, सही नाही. मला सांगा, सही करायची हिंमत नाही आणि हसायची आहे!

मग सिग्ने पाहणीला आली. तिने फीत लावून मोजलं, पेटीभोवती फिरली, एका फुलाचा वासही घेतला.

"तोर्गनी, हा अडथळा आहे."

"ही सुरक्षा आहे!"

"दोन असत्या तर सुरक्षा. एक आहे म्हणजे अडथळा. काढावी लागेल."

"दुसरी ही काय, दारात आहे!"

"ती खाजगी जागेत आहे. ती छान आहे," ती म्हणाली. "लेखी आदेश ऑगस्टमध्ये पाठवते. मी आज संध्याकाळपासून सुट्टीवर."

जी पेटी हवी ती हलवायची आणि जी नको तिला शाबासकी! मी तणतणत आत गेलो. फोन वाजला, उचलला तर मालिन. तिला आणखी आठवडाभर कामातून सुटका नाही म्हणून तुवाला स्तेन-ओके घेऊन निघाला आहे. आमच्याकडे एक रात्र राहील आणि मग बेटावर नेईल.

"रस्त्याचं काही झालं का, बाबा?" तिने विचारलं.

मी खिडकीतून बघितलं. एक निळी गाडी पेटीला घासून गेली आणि दोन झेंडू हवेत उडाले. "काम चालू आहे," मी म्हणालो.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. माझा व्याही घोड्यावर स्वतः बसून आला. ती त्याची घराएवढी मोटार संध्याकाळी गल्लीत शिरली, गाडीवाटेकडे वळली आणि पेटीपुढे थांबली. स्तेन-ओके खाली उतरला. पेटीवर टकटक केलं, कोपरा हाताने चाचपला.

"मजबूत आहे," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "इथे का?"

"रंग वाळतोय," मी म्हणालो.

त्याने पूर्ण बहरलेल्या झेंडूंकडे पाहिलं आणि मान डोलावली. हसला असता तरी चाललं असतं! मोटार त्याने मुकाट्याने मागे घेतली आणि रस्त्यावर आमच्या कुंपणाला लावून उभी केली. तुवा खिडकीतून उडी मारून माझ्या गळ्यात पडली. तिच्या डोक्यावर शिरस्त्राण होतं. म्हणे, पूर्ण प्रवासभर काढलं नव्हतं.

"आजोबा, मी इथे चालवू? आई म्हणते इथे नाही."

मी काय सांगणार? म्हटलं, उद्या बघू. रात्रभर मला नीट झोप लागली नाही, अर्धी कमरेमुळे आणि अर्धी त्या शिरस्त्राणामुळे.

सकाळी कायसाने मला हलवलं. "ऐक."

"काही ऐकू येत नाही."

"तेच म्हणतेय."

मी खिडकीशी गेलो. नेहमीचीच गर्दी होती, चौक चुकवणारी. पण पलीकडे माझी पेटी, अलीकडे जराशी पुढे व्याह्याची मोटार, दोघांच्या मधून गाड्या कालच्या नवरीसारख्या पाऊल मोजत चालल्या होत्या. ती निळी गाडीसुद्धा! वाल्फ्रिड घरच्या सपाता घालून रस्त्यात उभा होता.

"झाली की नागमोडी!" तो ओरडला. "मग एवढ्या पेट्या कशाला ठोकल्यास? रस्त्यावर गाडी लावायला काही परवानगी लागत नाही. मला वाटलं तुला माहीत असेल."

मला वाटलं तुला माहीत असेल! माझी कंबर गेली, अंगठा गेला, गाडी कैदेत गेली, वेलचीचे बन गेले, आणि हा गृहस्थ सपाता घालून मला हे आत्ता सांगतो! मी त्याच्याकडे रागाने बघितलं. याहून कडक काही मला त्या क्षणी सुचलं नाही.

तिकडे स्तेन-ओके घडीच्या खुर्च्या मोटारीत चढवत होता. न्याहारी झाली की निघायचं होतं. तो निघाला की मोटार निघाली, मोटार निघाली की रस्ता पुन्हा मोकळा. आणि तुवा पायरीवर सायकलचं हँडल धरून बसली होती, एकदा त्याच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे.

आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलेलं नाही, या माणसाकडे तर कधीच नाही. मी तीनदा खाकरलो.

"स्तेन-ओके, तू… म्हणजे तुझी मोटार… इथे राहिली दोन-चार दिवस तर बरं होईल. मी तिला शिकवेन म्हणतो." तरी त्याच्या हातातली खुर्ची खाली आली नाही, तेव्हा तोंडातून निघालं, "आपण शिकवू."

त्याने खुर्ची खाली ठेवली. बराच वेळ ती उघडत आणि मिटत राहिला.

"बेटावर गाड्या नाहीत," शेवटी तो म्हणाला.

"माहीत आहे! ऐकलंय मी शंभरदा!"

"कारण तिथे रस्ताच नाही. सगळा खडक. सायकल चालवायची कुठे, याचाच विचार करत इथवर आलो."

"मग मालिनला सांगितलं का नाहीस?"

"तिने मला विचारलं, शिकवशील का? मी 'छान' म्हणून बसलो."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. या एका गोष्टीसाठी मी लाकूड कापलं, माती ओतली, गावात हसं करून घेतलं, आणि याच्याकडे नुसता खडक! मी चिडून काहीतरी लागट बोलणार होतो, पण मला माझं स्वतःचं 'अगदी छान' आठवलं आणि मी म्हणालो, "कॉफी घेणार?"

तो राहिला. रस्त्यावर एका जागी गाडी एक दिवसच ठेवता येते, म्हणून रोज सकाळी तो मोटार चालू करून थोडी पुढे नाही तर थोडी मागे घ्यायचा आणि मी पुढे उभा राहून हातवारे करायचो. मालिनला आम्ही गल्लीचा व्हिडिओ पाठवला. वेगाची खात्री पटल्यावर तिने 'मधल्या भागातच, शिरस्त्राण घालून, आणि दोघांनी धरून' असा हुकूम सोडला.

दोघांनी धरून! एक सायकल आणि दोन आजोबा. सीट धरायला जागा केवढी असते? मी डावीकडून धरली, त्याने उजवीकडून, आणि मध्ये त्याचा पंजा माझ्या दुखऱ्या अंगठ्यावर. तुवा पेडल मारायची, आम्ही दोघं वाकून पळायचो.

"सरळ धर," मी म्हणायचो.

"सरळच आहे, तू ओढतोयस."

"मी मालिनला शिकवलंय!"

"मी योआकिमला शिकवलंय."

योआकिम म्हणजे माझा जावई. तो सायकल कशी चालवतो ते मी पाहिलंय, पण लेकीच्या संसाराचा विचार करून गप्प बसलो. वाल्फ्रिड कुंपणावरून म्हणाला, "सायकल शिकवताना सीट नव्हे, खांदे धरावेत, तूच लिहिलंयस," तेव्हा मात्र राहवलं नाही. मी सीट सोडून ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, "वाल्फ्रिड, तू आपली कात्रणं जाळ!"

मनातलं तोंडावर बोललो! कंबरसुद्धा मोकळी झाल्यासारखी वाटली. वळून बघतो तर स्तेन-ओके पेटीपाशी वाकलेला, निसटायला आलेली चमकपट्टी अंगठ्याने दाबून बसवत होता.

"तू सोडलीस?" मी विचारलं.

"तू धरलीयस ना?" तो म्हणाला.

दोघांनी एकदमच पुढे पाहिलं. तुवा व्याह्याच्या मोटारीला वळसा घालून निघाली होती. सायकल डुगडुगत होती, पण चालली होती. तिच्या मागे ती निळी गाडी. निळी गाडी हॉर्न न वाजवता, मुंगीच्या पावलांनी, मुकाट तिच्या मागून येत होती. मी पळायला गेलो, पण पुढे जाता येईना. स्तेन-ओकेने माझी बाही घट्ट पकडली होती, आणि बघतो तर मीही त्याची.

लांबून तिचा आवाज आला. मागे वळून बघायचं नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती समोर बघूनच ओरडली, "आजोबा! धरलंय ना?"

आम्ही दोघं रिकाम्या हातांनी रस्त्यात उभे होतो.

"धरलंय!" आम्ही एकदम ओरडलो.

व्याह्याचा आवाज माझ्याहून मोठा होता, असं वाल्फ्रिड म्हणतो. ते मला मुळीच मान्य नाही.